बडोद्यात कुत्र्या-मांजरासह भाड्याचं घर: फ्लॅट नको, टेनामेंट बघा

प्रश्न नाशिकहून बडोद्याला येणाऱ्या एका जोडप्याचा आहे. नवऱ्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी लागली आहे, बायकोचं ऑफिस अलकापुरीत असणार आहे. दोघांना ऑक्टोबरात रुजू व्हायचंय. सोबत सात वर्षांचा, वीस किलोचा गावठी कुत्रा आणि एक मांजर. भाड्यासाठी महिना बारा हजार, फार ओढून तेरा. त्यांनी विचारलंय की करजण किंवा पादऱ्याला स्वस्तात राहून रोज अपडाउन केलं तर जमेल का, सोसायटी कुत्र्याला नाही म्हणू शकते का, आणि मांजराचं घरमालकाला सांगितलंच नाही तर काय बिघडतं.

मी एकोणीस वर्षं बडोद्यात भाड्याची घरं लावून देते. माहेर दांडिया बाजारातलं, सासर मांजलपूरचं. घरात चौदा वर्षं स्पिट्झ होता, त्यामुळे कुत्रेवाल्यांना घर मिळवून देताना माझा जीव जरा जास्त गुंततो हे आधीच कबूल करते.

मांजराचं आधी सांगून टाकते. लपवू नका. माझ्याच एका भाडेकरूने वरच्या मजल्यावर मांजर दहा महिने लपवलं. मालक खालीच राहायचे, पण वयस्कर, गुडघे दुखायचे, जिना चढायचे नाहीत. मग आली उत्तरायण. बडोद्यात १४ जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर असतं. मालकांचे मुलगे, सुना, नातवंडं, व्याही, सगळं खटलं फिरक्या आणि उंधियूची पातेली घेऊन वर गेलं, आणि गच्चीच्या कठड्यावर मांजर ऊन खात बसलेलं. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणला, मला फोन आला की घर खाली करून द्या. मालकांना मांजराचा राग नव्हता. "बेन, दहा महिने रोज जेएसके (जय श्रीकृष्ण) करतो आणि हे सांगत नाही?" एवढंच ते म्हणाले. लपवलेला प्राणी आज ना उद्या दिसतोच, आणि तेव्हा तुमची बाजू मांडायला तुमच्याकडे तोंड उरत नाही.

आता लांब राहण्याबद्दल. शहरापासून दूर गेलं की भाडं उतरतं, हे खरंच आहे. करजण बडोद्यापासून तीसेक किलोमीटर, पादरा पंधराएक. मियागाम-करजणहून मेमू लोकलने मकरपुऱ्याला उतरता येतं, पास स्वस्त पडतो, आणि असं अपडाउन करणारे शेकड्यांनी आहेत. आणंदहून बडोद्याला, बडोद्याहून अहमदाबादला रोज जाणारेही आहेत. अहमदाबाद रेल्वेने शंभर किलोमीटर आहे, तरी लोक डब्यात पत्ते खेळत वर्षानुवर्षं जातात. माणसाला हे जमतं. कुत्र्याला जमत नाही.

कुत्रा पाळणाऱ्याने घराचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. कुलूप लावल्यापासून उघडेपर्यंत किती तास जातात, ते मोजावं. नोकरी नऊ तासांची. करजणहून हायवेने यायचं तर वाटेत पोर आणि जांबुवाचे पूल आहेत, तिथे ट्रक अडकले की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. जाऊन-येऊन सव्वादोन-अडीच तास धरा. म्हणजे कुत्रा साडेअकरा तास एकटा. चांगला सवयीचा, धडधाकट मोठा कुत्रा सहा ते आठ तास लघवी धरतो, त्यापुढे त्याचे हाल. मग तो आधी दार खरवडतो, नंतर रडतो, शेवटी सलग भुंकतो. आणि हे सगळं तुम्ही घरी नसताना होतं, म्हणून तुम्हाला पत्ताच नसतो. तुमचं मत असतं की आमचा अगदी शांत आहे, शेजारच्या काकींचं मत वेगळं असतं.

माझ्या हातून गेलेल्या घरांपैकी कुत्र्यावरून जी सोडावी लागली, त्यांत चावल्याचं प्रकरण एकच होतं आणि घाणीची दोन. बाकी सगळी दुपारच्या भुंकण्यावरून. भाड्यात दोन-तीन हजार वाचवायला लांब जायचं आणि त्या लांब राहण्यामुळेच घर सोडायचं, असं होऊन बसतं. त्यातून सामान हलवण्याचा खर्च, नवी दलाली आणि नवं डिपॉझिट. एका रस्त्यावर, एका पुलावर अवलंबून राहणंही बरं नाही. ९ जुलै २०२५ ला महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला, आणि पादरा-बोरसद ये-जा करणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता एका सकाळीत संपला.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर सरळ आहे. घर मकरपुरा जीआयडीसीपासून तीन-चार किलोमीटरच्या आत घ्या. मांजलपूर, तरसाली, दंतेश्वर, मकरपुरा गाव. दुपारच्या सुट्टीत नवऱ्याने स्कूटरवर घरी यायचं, कुत्र्याला दहा मिनिटं बाहेर काढायचं, स्वतः जेवायचं, परत जायचं. हे एक जमलं की तुमचा अर्धा प्रश्न मिटला. अलकापुरी तिथून सात-आठ किलोमीटर आहे, लालबागच्या पुलावरून पंचवीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे रोजचा जास्त प्रवास बायकोच्या वाट्याला येतो, नवऱ्याच्या नाही. तुमच्या पत्रात "दोघांच्या मधोमध घर हवं" असं लिहिलंय, त्यावर मी हे मुद्दाम सांगते आहे. मधोमध घेतलं तर दुपारी कुणालाच घरी येता येणार नाही.

तुमचे नाशिकचे मित्र भायलीची शिफारस करत असतील. वासणा-भायली, सेवासी, हे सगळं पश्चिमेला नवं झालेलं बडोदं. रुंद रस्ते, उंच इमारती, गेटवर साहेब म्हणणारा वॉचमन. छान आहे. पण तिथून मकरपुऱ्याला यायला विश्वामित्री नदी ओलांडावी लागते, दुपारी घरी येणं शक्य नाही. आणि जाहिरातीतल्या भाड्यावर मेन्टेनन्स वेगळा असतो. तेरा हजारांचा फ्लॅट पंधरावर जातो, आणि तेरा हजारांत तिथे मिळतोही सगळ्यात वरचा नाही तर सगळ्यात मागचा. शिवाय लिफ्ट. उंच इमारतीत कुत्र्यावरून जेवढी भांडणं होतात, त्यांतली निम्मी त्या चार बाय चारच्या खोक्यात सुरू होतात. वीस किलोचा कुत्रा आत, कुत्र्याला घाबरणाऱ्या एक बाई बाहेर, दार उघडतं. पुढचं मी सांगायला नको.

बडोद्यात कुत्रेवाल्यांचं घर म्हणजे टेनामेंट. हा शब्द नाशिकला कुणी वापरत नाही. इथे टेनामेंट म्हणजे सोसायटीत ओळीने बांधलेली, भिंतीला भिंत लागून असलेली बैठी किंवा एकमजली घरं. पुढे चार पावलांचं अंगण, लोखंडी झांपा (फाटक), ओटा, वर जायला बऱ्याचदा बाहेरून जिना. साठ-सत्तरच्या दशकात इथे कारखाने आले. १९६२ साली जीएसएफसी ही खत कंपनी स्थापन झाली, १९६५ ला कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी आली, मकरपुऱ्यात जीआयडीसी वाढली. नोकरीला लागलेल्या लोकांनी सहकारी सोसायट्या काढून, कर्ज घेऊन अशी घरं बांधली. त्यांत मराठी कुटुंबंही पुष्कळ होती. त्या घरांची मुलं आता पुण्यात, बंगळुरात, कॅनडात. खाली म्हातारा-म्हातारी, वरच्या मजल्यावर दोन रूम-किचन रिकामं.

या लोकांची गरज ओळखा. भाड्याचे पैसे त्यांना हवे असतात, पण त्याहून जास्त हवं असतं ते रात्री वर कुणीतरी असणं. दाराशी कुणी आलं तर कळणं. मी कुत्र्याबद्दल बोलायला इथूनच सुरुवात करते. "एक कुत्रा पण आहे, चालेल का हो?" असं अपराध्यासारखं विचारलं की उत्तर नाहीच येतं. "काका, यांच्याकडे कुत्रा आहे, रात्री झांपा वाजला तर भुंकतो," असं म्हटलं की काका काकींकडे बघतात. तो क्षण मला ओळखीचा झालाय. गेली सात-आठ वर्षं मांजलपूर-तरसालीत मी लावलेल्या कुत्रेवाल्या घरांपैकी बहुतेक अशीच लागली. लिफ्ट नाही, मेन्टेनन्स जवळपास नाही, कमिटी असते पण ती वर्षातून एकदा गणपतीच्या वर्गणीपुरती आणि नवरात्रीच्या गरब्यापुरती जागी होते. भाडं तुमच्या बारा-तेरा हजारांत बसतं.

मालक परदेशात आणि चावी मामांकडे, अशीही घरं चरोतर-बडोद्याकडे पुष्कळ. न्यू जर्सीतला मालक व्हॉट्सॲपवर लगेच हो म्हणतो, कारण तिकडे त्याच्या शेजारी दोन लॅब्रेडॉर असतात. मामा नाही म्हणतात. अशा ठिकाणी मालकाचं नाही, मामांचं मन वळवावं लागतं. रोज येऊन नळाचं पाणी बघणारे तेच असतात.

आणखी एक गंमत. गुजराती घरांत सकाळची पहिली पोळी गायीची आणि एक कुत्र्याची, ही रीत अजून आहे. माझ्या ओळखीच्या एक मालकीणबाई रोज सकाळी ओट्यावर पाच भटक्या कुत्र्यांना पोळी-दूध घालतात, त्यांची नावं ठेवतात, एक मेला तर दोन दिवस जेवत नाहीत. आणि घरात कुत्रा म्हटलं की "ना बेन, अपवित्र." त्यात विरोधाभास शोधत बसू नका. कुत्रा देवघराकडे फिरकणार नाही, पायऱ्यांवर बसणार नाही, एवढं सांगितलं की यातल्या निम्म्या बायका "वांधो नथी", म्हणजे हरकत नाही, म्हणतात. उरलेल्या निम्म्यांना सोडून पुढे जा.

आता पाण्याचं. घर बघताना भाड्याआधी हे विचारायचं.

बडोद्याच्या मधोमध विश्वामित्री वाहते. पावागडाकडून येते, वरती आजवा सरोवर. पाऊस जोराचा झाला आणि आजव्यातून पाणी सोडलं की शहरात नदी चढते. काळा घोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. ऑगस्ट २०२४ अखेरीस तर नदी ३५ फुटांच्या वर गेली. समा, फतेगंज, सयाजीगंज, कारेलीबागचा काही भाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर, असं नदीच्या दोन्ही काठांना पाणी शिरलं, काही घरांत दोन-तीन दिवस उभं होतं. आणि आपल्या नदीत मगरी आहेत. ही दंतकथा नाही. पूर आला की मगरी सोसायट्यांत येतात, वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक त्यांना दोरीने बांधून नेतात. तळमजल्यावर अंगणात बांधलेला कुत्रा आणि झांप्याखालून आलेलं कमरेएवढं पाणी, हे डोळ्यांसमोर आणा. पुरात सुटकेला बोट येते तेव्हा माणसं आधी चढवतात, कुत्र्याला जागा मिळेलच असं नाही. २०२४ ला एक भाडेकरू जोडपं कुत्र्यासाठी बोटीत चढलंच नाही, दोन रात्री माळ्यावर बसून काढल्या. मी इथून फोनवर त्यांना फक्त धीर देत होते.

म्हणून तळमजला घेऊ नका, आणि घराची निचाण-उंची स्वतः बघा. मालकाला विचारून उपयोग नाही, मालक म्हणणार "आपल्याकडे कधी पाणी येत नाही". कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा की चोवीस साली तुमच्या दुकानात पाणी कुठवर होतं. त्याचं नुकसान झालेलं असतं, तो बोट ठेवून दाखवतो. इस्त्रीवाल्याला विचारा. भिंती बघा. खालच्या तीन फुटांना नवा रंग आणि वर जुना असेल, मीटरची पेटी शेजाऱ्यांपेक्षा उंच नेलेली असेल, खालचे स्विचबोर्ड अचानक छातीच्या उंचीला असतील, तर समजायचं. मांजलपूरचा बराचसा भाग यातून वाचतो, पण वडसरकडे उतरत जाल तसतसं सांभाळा. तरसाली आणि दंतेश्वर नदीपासून लांब पडतात. तिथे पावसाचं पाणी गल्लीत साचतं, पण ते साचणं वेगळं आणि नदी घरात येणं वेगळं.

वर जायचं, पण उन्हाची सोय बघून. एकमजली टेनामेंटचा वरचा मजला म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ ला टेकतो, दुपारी त्या खोल्यांची फरशीसुद्धा तापते. वरची गच्ची रिकामी असेल तर चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्यायला मालकाला सांगा, निम्मा खर्च तुम्ही द्या. वर अजून एक अर्धी खोली किंवा पत्र्याची शेड असेल तर उत्तम. बाहेरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजा आणि त्यांची उंची बघा. तुमचा कुत्रा सात वर्षांचा आहे, तीन वर्षांनी त्याचे मागचे पाय दुखायला लागतील. पाच मजले लिफ्टशिवाय आणि सोळा पायऱ्या यांत फार फरक आहे.

मांजरासाठी खिडक्यांना जाळी लागेलच. इथे कबुतरांचा उपद्रव इतका आहे की मालक स्वतःहून बाल्कनीला कबुतरजाळी लावून देतो. फक्त लक्षात ठेवा, ती नायलॉनची असते, मांजर ती दातांनी तोडतं. ज्या दोन खिडक्यांत मांजर बसतं, तिथे तारेची जाळी स्वखर्चाने लावा. उत्तरायणच्या पंधरवड्यात मांजर गच्चीवर अजिबात नको. पंधरा दिवस मांजा लोंबत असतो, पंख कापलेले पक्षी आणि पाय कापलेली मांजरं मी बघितली आहेत. गुजरात सरकारची १९६२ ही करुणा ॲम्ब्युलन्सची सेवा आहे, रस्त्यावरच्या जखमी प्राण्यांसाठी ती फार उपयोगी पडते. नंबर फोनमध्ये ठेवा.

आता तो प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत विचारला जाईल. "तमे नॉनवेज खाओ छो?" मराठी आडनाव ऐकलं की इथे हा प्रश्न येतोच, रागावू नका. तुम्ही काय खाता हे तुम्ही ठरवा, पण कुत्रा-मांजराचं खाणं हा वेगळा मुद्दा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात नंतर येतो. कुत्र्याला दहीभात-पोळीवर ठेवता येतं, वर अंडं किंवा तयार कोरडं खाणं. मांजराला मांसाशिवाय चालत नाही, ती तिच्या शरीराची गरज आहे. काही जैन आणि काही वैष्णव मालक "चिकन शिजवणार नाही" एवढ्यावर तयार होतात, कोरडं पाकीटबंद खाणं त्यांना चालतं. काहींना तेही चालत नाही. हे पहिल्याच भेटीत बोलून टाका. कचऱ्याच्या पिशवीत हाडं सापडून झालेली भांडणं कुत्रा चावल्याच्या भांडणापेक्षा वाईट असतात, कारण त्यात धर्म येतो. तुमच्या घरी रविवारी मटण शिजत असेल तर मराठी, ख्रिस्ती किंवा बंगाली मालक शोधायला मला सांगा, अशी घरं आहेत. फतेगंजकडे पूर्वीपासून, आता मकरपुऱ्यातही.

कायद्याचं थोडक्यात. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी सोसायटी पाळीव प्राण्यांना बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, प्राणी आहे म्हणून जादा पैसे घेता येत नाहीत, असं त्यांत स्पष्ट आहे. कुत्रा साखळीने बांधून नेणं आणि घाण उचलणं ही तुमची बाजू. पण हे सगळं सोसायटीपुरतं. घराचा मालक स्वतः म्हणाला की मला प्राणी नको, तर त्याला कुठलं परिपत्रक अडवत नाही. आणि भाडेकरू कायदा दाखवून जिंकला तरी अकरा महिने संपले की मालक करार वाढवत नाही. म्हणून सोसायटीच्या प्रमुखांना घर घेण्याआधी एकदा भेटा, चहा घ्या, कुत्र्याच्या लसीचा कागद दाखवा. नंतर व्हॉट्सॲपवर "आज भेटल्याप्रमाणे" असा दोन ओळींचा निरोप पाठवा. वाद झाला तर तो निरोप परिपत्रकाच्या आधी कामाला येतो.

जातीबद्दल लोक आता विचारतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसारख्या २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं, पण यादी लोकांच्या डोक्यात राहिली. मे २०२५ मध्ये अहमदाबादेत हाथीजणला रॉटवायलरच्या हल्ल्यात तान्हं बाळ गेलं, तेव्हापासून इथलेही मालक "कई जात?" हाच पहिला प्रश्न करतात. तुमचा गावठी आहे, हे तुमच्या पथ्यावर आहे. "देशी" म्हणा, चेहरे सैल होतात.

करारावर मात्र घाई करू नका. इथला छापील भाडाकरार गुजरातीत असतो. जे काही ठरलंय ते तोंडी ठरलेलं असतं आणि छापील नमुन्यात, शेवटच्या पानाच्या आसपास, "भाडुआतने पाळीव प्राणी ठेवू नये" असं एक कलम पूर्वीपासून पडलेलं असतं. दलालाने ते काढलेलं नसतं, मालकाने वाचलेलं नसतं, तुम्हाला वाचता येत नसतं. चार महिन्यांनी मालकाचा मुलगा सुट्टीत घरी येतो, करार उघडतो आणि त्या कलमावर बोट ठेवतो. माझ्या एका भाडेकरूवर नेमकी ही वेळ आली, आणि करार मी बघितलेला नव्हता, दुसऱ्याच दलालाचा होता, तरी शिव्या मी खाल्ल्या. सही करण्याआधी गुजराती वाचणाऱ्या कुणाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. ते कलम खोडून दोघांच्या सह्या, आणि एक नवी ओळ: भाडेकरूकडे एक कुत्रा व एक मांजर आहे, मालकाला माहीत आहे, त्यांच्यामुळे झालेलं नुकसान भाडेकरू भरून देईल. संख्या लिहा. "पाळीव प्राणी" असं मोघम लिहिलं की मालकाला भीती वाटते की उद्या पाच होतील.

करार अकरा महिन्यांचा असतो, कारण एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची आहे. अकरा महिन्यांनी काय, हे पहिल्याच दिवशी बोला. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं मालकाचं काम असतं, पण कागदपत्रं तुम्हीच नेऊन द्यावी लागतात. डिपॉझिट इथे बहुधा एक-दोन महिन्यांचं. प्राणी असल्यावर मी स्वतःहून अर्ध्या महिन्याचं जास्त देऊ करते, भाडं मात्र वाढवू देत नाही. भाडं एकदा वाढलं की परत मिळत नाही, डिपॉझिट मिळतं. ताबा घेताना दारांच्या खालच्या कडा, जाळीचा दरवाजा, ओट्याची फरशी, सगळ्यांचा मालकासमोर व्हिडिओ काढा, "हे आधीचंच आहे ना काका?" असं आवाजात येऊ द्या. दलाली महिन्याचं भाडं, काही जण पंधरा दिवसांचं घेतात. माझी किती ते फोनवर.

पोळींतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्ल्यांतल्या, घरांबद्दल एक ओळ. सुलतानपुरा, घडियाळी पोळ, वाडी, भाडं कमी आणि शेजार मराठी, पण तुमच्यासाठी नाहीत. पोळीची स्वतःची कुत्री असतात, पिढ्यान् पिढ्यांची, नव्याला ती आत येऊ देत नाहीत.

तोच मुद्दा टेनामेंटच्या गल्लीलाही लागू आहे, कमी प्रमाणात. घर फक्त दिवसा बघून पसंत करू नका. एकदा रात्री दहानंतर जा, गल्लीत किती कुत्री आहेत, कुठे बसतात बघा. तुमचा कुत्रा पहिल्या भेटीला नेऊ नका. माणसं आधी ठरू द्या. दुसऱ्या भेटीला न्या, फिरवून थकवून न्या, आणि मालकांच्या ओट्यावर पाच मिनिटं बसवा. मालक "करडे छे?", म्हणजे चावतो का, विचारतील. "कधीच नाही" म्हणू नका, कुठल्याच कुत्र्याची अशी खात्री देता येत नाही. लसीचं कार्ड पुढे करा, नसबंदीचा दाखला असेल तर तोही, आणि जुन्या नाशिकच्या घरमालकांचा फोन नंबर द्या. तो फोन लावला गेला की नव्वद टक्के काम झालं असं मी समजते. त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते नेमकं तेव्हाच जेवत नसतील.

तुम्हाला ऑक्टोबरात यायचंय, म्हणजे शोध ऑगस्टमध्येच सुरू करा. सामान पावसात आणू नका, पण घर पावसातच बघायला या. मी तीन-चार टेनामेंटं काढून ठेवते. रात्रभर चांगला झोडपला की सकाळी फोन करते, तुम्ही रात्रीच्या गाडीने निघा. दुसऱ्या दिवशी दुपारी आणि पुन्हा रात्री दहानंतर आपण त्या गल्ल्यांत जाऊ. ज्या घराचा जिना कोरडा असेल आणि किराणावाल्याने चोवीस सालचं बोट गुडघ्याखाली दाखवलं असेल, तिथे टोकन तिथल्या तिथे देऊन टाका.